पॅड कोणतं, हे नंतर. किती तास, हे आधी: ठाणे-नवी मुंबईतल्या बायकांसाठी पाळीची व्यवहारी तयारी

‘चांगलं पॅड कोणतं?’ हा प्रश्न बायका पहिल्यांदा विचारतात. मी त्याचं उत्तर जरा लांबवते आणि उलट विचारते, घरातून निघता किती वाजता, परतता किती वाजता आणि मधल्या वेळात कडी लागणारं, पाणी असणारं संडास कुठे आहे? दिव्याहून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली, पुढे रिक्षाने महापे, असा रोजचा प्रवास करणाऱ्या मुलीचा दिवस बारा तासांचा असतो. सकाळी लावलेलं पॅड तिने संध्याकाळी घरी येऊन काढलं, तर ते एक रुपयाचं होतं की पंधरा रुपयांचं, याने फारसा फरक पडत नाही. पाळीतले बरेचसे त्रास असे तासांतून, ओलाव्यातून आणि दाबून धरलेल्या लघवीतून सुरू होतात.

पायरी १: आधी दिवस मांडा

कागदावर नाही मांडला तरी चालेल, मनात मांडा. पॅड किंवा कपडा साधारण चार ते सहा तासांनी बदलायचा, रक्तस्राव जास्त असेल तर त्याआधी. टॅम्पॉन (योनीच्या आत घालायची कापसाची गुंडाळी) चार ते आठ तास, त्यापुढे अजिबात नाही. कप, म्हणजे आत बसवायची, रक्त साठवणारी मऊ वाटी, बारा तासांपर्यंत चालतो. आता तुमच्या दिवसात चार-सहा तासांनी थांबता येईल अशी जागा आहे का ते बघा: ऑफिस, ओळखीचं घर, मॉल, पेट्रोल पंप, स्टेशनवरचं पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह. कारखान्यात असाल, तर बायकांसाठी वेगळं संडास ठेवणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. ‘इथे बायका कमी आहेत’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

मासळी बाजारात पहाटेपासून दुपारपर्यंत पाटीपाशी बसणाऱ्या कोळणीची, नाक्यावर भाजी विकणारीची किंवा बांधकामावरच्या बाईची अडचण याहून मोठी. जागाच नसते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. पाणी कमी प्यायलं आणि लघवी दाबून ठेवली की मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही आणि मग लघवीची ती जळजळ पाळीच्या नावावर जमा होते.

जानेवारी २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने वागळे इस्टेटमधल्या वस्तीत एका सार्वजनिक शौचालयात ‘पीरियड रूम’ सुरू केली, तेव्हा तिची बातमी देशभर झाली. होतं काय त्यात? पाणी, जेट, साबण, कचऱ्याचा डबा. एवढंच! या चार गोष्टी तुमच्या वस्तीतल्या शौचालयात असाव्यात म्हणून प्रभाग समितीकडे लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रार हवेत जाते. अर्जावर पोच घ्या आणि सोबत पाच-दहा बायकांच्या सह्या जोडा.

पायरी २: आता वस्तू निवडा

*पॅड.* सोपं, कुठेही मिळणारं. आतल्या जेलमुळे वरून कोरडं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. गळलं नाही म्हणजे बदलायला नको, असं होत नाही. खालची त्वचा घामाने आणि रक्ताने भिजलेलीच असते. विकत घेताना सुगंधी पॅड टाळा. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२२ मध्ये बाजारातले १० पॅड तपासले, तेव्हा सगळ्यांत थॅलेट ही प्लॅस्टिकात आणि सुगंधात वापरली जाणारी रसायनं सापडली. यावरून पॅड वापरणं सोडण्याइतकं घाबरायचं कारण नाही, पण खाज आणि पुरळ उठवणारा वास पैसे देऊन विकत घ्यायचंही कारण नाही. पाकिटावर आयएस ५४०५ हा मानक क्रमांक दिसतो का, तेही पाहा.

*कपडा.* याच्याबद्दल शहरात उगाच नाक मुरडतात. स्वच्छ सुती कपडा नीट धुतला, उन्हात वाळवला, तर तो चालतो. अडतं ते वाळवण्यापाशी. चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत ती घडी दोरीवर उघडी टाकायची कशी? मग ती गादीखाली, मोरीच्या कोपऱ्यात, नाहीतर दुसऱ्या कपड्याखाली दडपून वाळते, म्हणजे वाळतच नाही. ओडिशातल्या बायकांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घराच्या आत घडी वाळवणाऱ्या आणि संडासात लपवून ठेवणाऱ्या बायकांमध्ये बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग जास्त आढळला होता. तेव्हा कपडा वापरणार असाल तर असं करा:

१. आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो.
२. साबणाने चोळून, फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. साबण राहिला की मांड्या सोलतात.
३. उन्हात वाळवा. लाज वाटत असेल तर वरून पातळ सुती ओढणी टाका. वारा आणि ऊन दोन्ही आत पोचतं.
४. जून ते सप्टेंबर इथे ऊन मिळणार नाही हे धरून चाला. पंख्याखाली वाळवून वर कडक इस्त्री फिरवा. दमट लागली तर ती घडी त्या दिवशी वापरू नका.
५. कोरड्या सुती पिशवीत ठेवा. कडक झालेला, विरलेला कपडा टाकून द्या.

शिवलेली धुवायची पॅड आणि पीरियड पँटी यांनाही हेच नियम. त्यांच्यासाठी आयएस १७५१४ हे वेगळं मानक आहे.

*कप.* लांबच्या शिफ्टसाठी माझं मत स्पष्टपणे कपाच्या बाजूने आहे. सकाळी सहाला घरी रिकामा करायचा, संध्याकाळी सहाला पुन्हा घरीच. मधे महाप्याच्या त्या संडासात पाणी आहे की नाही, याच्याशी तुमचा संबंध लघवीपुरताच उरतो. सुरुवातीला तीनेकशे ते पाचशे रुपये जातात, पण एक कप काही वर्षं चालतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा, ३,३०० हून अधिक बायका-मुलींचा एकत्रित आढावा आला होता. त्यात कप सुरक्षित ठरला आणि गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा कमी निघाली.

वापरायची रीत अशी. पाळी सुरू होताना कप वेगळ्या भांड्यात पाच-दहा मिनिटं उकळा (ते भांडं त्याच कामाला ठेवा, नाहीतर सासूबाईंशी एक नवा विषय सुरू होईल). हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. उकिडवं बसून, कप दुमडून, मागच्या बाजूला, कंबरेच्या दिशेने सरकवा. सरळ वर नव्हे. आत गेल्यावर तो उघडला पाहिजे, बोट फिरवून बघा. काढताना देठ धरून ओढू नका. तळाशी चिमटा काढला की हवा शिरते, मग अलगद बाहेर घ्या. पहिल्या एक-दोन पाळ्यांत सोबत पॅड लावा आणि सराव सुट्टीच्या दिवशी करा. ट्रेनच्या गर्दीत पहिला प्रयोग नको. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण कप ओढताना तांबी सरकू शकते.

टॅम्पॉन आणि कप या दोन्हींत टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा आजार क्वचित होऊ शकतो. अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, अंगावर लाल चट्टे, चक्कर असं काही झालं तर वस्तू लगेच काढा आणि थेट रुग्णालय गाठा. क्लिनिक उघडण्याची वाट पाहू नका.

पायरी ३: स्वस्त कुठे मिळतं

जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचं पॅड एक रुपयाला एक मिळतं. २०१८ मध्ये ते अडीच रुपयांना होतं, ऑगस्ट २०१९ पासून एक रुपया. हिशेब करा: पाच दिवस, रोज चार, म्हणजे वीस पॅड, वीस रुपये. आई आणि दोन मुली असं घर असेल तर महिन्याला साठ रुपये. तेवढीच पॅड सात-आठ रुपयांच्या भावाने घेतली तर साडेचारशेच्या आसपास जातात. घरात तिघीजणी असल्या की आई स्वतः कपड्यावर येते आणि पाकीट मुलींना ठेवते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता विचारावंही लागत नाही.

‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल ॲपवर जवळचं केंद्र सापडतं. जाण्याआधी फोन करून माल आहे का ते विचारा आणि असेल तेव्हा दोन-तीन महिन्यांचं एकदम घ्या. संकोच वाटत असेल तर एवढंच म्हणा: ‘दादा, सुविधाची चार पाकिटं द्या.’ नावाने मागितलं की पुढचे प्रश्न येत नाहीत. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्येच रद्द झाला आहे, त्यामुळे बिलात तो लागलेला दिसला तर विचारा.

वस्तीतल्या आशाताईंनाही विचारून ठेवा, कधी कुठली योजना किंवा वाटप चालू असतं ते त्यांना माहीत असतं. आणि मुलीच्या दप्तरात कायम दोन पॅड, एक चड्डी, जुनं वर्तमानपत्र आणि एक पिशवी. शाळा-कॉलेजातलं पॅडचं मशीन भिंतीवर असतं, त्यात पॅड असेलच याचा भरवसा धरू नका.

पायरी ४: धुणं, खाज, पुरळ

बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं, पुढून मागे. आत काही घालायचं नाही. डेटॉल नाही, सुगंधी वॉश नाही, मिठाचं पाणीही नाही. योनीचा आतला भाग स्वतःच आम्लधर्मी असतो आणि तिथले चांगले जिवाणूच राखण करतात. धुऊन आपण राखणदारालाच हाकलतो.

मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पॅडच्या कडांनी मांड्या घासून लाल होतात. सुती चड्डी, वेळेवर बदल, कोरडी त्वचा आणि वर थोडं पेट्रोलियम जेली, एवढ्याने भागतं. मात्र गोल, कडेने उठलेला, खाजणारा चट्टा असेल तर तो गजकर्णाचा असू शकतो. त्यावर मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग चट्टा पसरतो आणि औषधालाही दाद देत नाही.

अंगावरून पांढरं जाणं थोडंफार नेहमीचं असतं. दह्यासारखे गोळे आणि खूप खाज असेल तर बुरशी. राखाडी स्राव आणि माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा असमतोल. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर दुसराच संसर्ग आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तिन्हींचे उपचार सारखे नाहीत, म्हणून शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत. ओटीपोटात दुखणं आणि ताप सोबत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

‘कपडा वापरला की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो’ असा मेसेज फिरतो. त्या कॅन्सरचं मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू आहे. त्यावर लस आणि तपासणी दोन्ही उपलब्ध आहेत.

पायरी ५: टाकायचं कसं

गुंडाळून, वर्तमानपत्रात, वर लाल पेनाने ठिपका (आत काय आहे ते कचरा उचलणाऱ्यांना कळावं म्हणून), आणि घंटागाडीत वेगळं. कमोडमध्ये कधीच नाही; सोसायटीची लाइन तुंबली की प्लंबर काय बाहेर काढतो ते सगळी विंग बघते. शाळा-ऑफिसातली छोटी जाळणी यंत्रं मला फारशी पटत नाहीत: ८०० अंशांखाली प्लॅस्टिक जाळलं तर विषारी धूर तिथेच खिडकीपाशी राहतो.

पायरी ६: दुखणं आणि गोळ्या

पाळीत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि त्याने कळा येतात. शेक, हालचाल आणि लागलीच तर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही डॉक्टरांना एकदा विचारून ठेवलेली गोळी. ती काहीतरी खाऊनच घ्यायची आणि कळ सुरू होतानाच. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

पावसाळ्यात एक पथ्य आणखी. पाळी आणि ताप एकदम आला तर या गोळ्या घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्ततपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या की पाळीचा स्रावही वाढतो, हे घरच्यांना सांगून ठेवा.

आता गौरी-गणपती. श्रावण संपत आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नेल्या जातात. कधी बाई स्वतः नेते, कधी घरचे आणून देतात. हे नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन आहे. ते साधारण पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावं लागतं. अंगावर डाग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. या गोळीने गर्भ राहणं थांबत नाही. आणि ज्यांना आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, घरात तसा इतिहास आहे, यकृताचा आजार आहे, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं, किंवा ज्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, त्यांनी ती डॉक्टरांशिवाय हातातही घेऊ नये. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर आरती अर्धी सोडून रुग्णालयात जायचं. माझं विचाराल तर ओवशाचं सूप जावेने धरलं तरी गौरी रुसत नाही. पण तो प्रत्येकीच्या घरचा प्रश्न. गोळी घेणारच असाल तर निदान चिठ्ठी घेऊन घ्या.

पायरी ७: किती म्हणजे जास्त

दोन पाळ्यांच्या पहिल्या दिवसांमधलं अंतर २१ ते ३५ दिवस, स्राव सात दिवसांपर्यंत, हे साधारण. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं ४५ दिवसांपर्यंतही चालतं. जास्त कधी म्हणायचं? तासा-दोन तासाला पॅड भरत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडत असतील, रात्री उठून बदलावं लागत असेल, दोन पॅड एकावर एक लावावी लागत असतील. पहिल्या पाळीपासूनच असं होत असलेल्या मुलीच्या रक्तात गोठण्याचा दोष असू शकतो. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं’ हे वाक्य ऐकलं की मी तेच विचारात घेते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय. जिना चढताना धाप, केस गळणं, माती किंवा बर्फ खावासा वाटणं ही त्याची खूण. लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती लिंबूपाण्यासोबत घ्या आणि आधी-नंतर तासभर चहा नको. आपल्याकडे गोळी चहाच्या घोटानेच गिळायची पद्धत आहे आणि मग ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ अशी तक्रार. शी काळी होते, घाबरू नका. हळिवाचे लाडू, शेवग्याचा पाला जरूर खा, पण हिमोग्लोबिन आठवर आलं असेल तर नुसत्या लाडवांनी ते भरून निघत नाही.

लगेच रुग्णालयात जायची वेळ: दोन तास सलग तासाला एक पॅड भरतंय आणि चक्कर येतेय, किंवा पाळी चुकली होती आणि आता स्रावाबरोबर पोटात एका बाजूला तीव्र दुखतंय. दुसऱ्या प्रकारात गर्भ नळीत असू शकतो, तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. १०८ला फोन करा.

पायरी ८: दवाखान्यात जाताना

सुरुवात जवळच्या नागरी आरोग्य केंद्रापासून किंवा आपला दवाखान्यापासून करा. पुढे ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबईत वाशी, ऐरोली आणि नेरूळ इथली महापालिकेची रुग्णालयं. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर तुमचा हक्क त्या दवाखान्यांवरही आहे. कार्ड कपाटात ठेवू नका. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं, मुलीला तिथे न्या आणि तिला काही वेळ एकटीला बोलू द्या.

सोबत तीन महिन्यांच्या तारखा, रोजची पॅडची संख्या, चालू औषधं आणि जुने रिपोर्ट. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. ‘खूप जातं’ म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या दिवशीही आठ पॅड लागली’ म्हटलं की तपासणी लवकर लिहून मिळते. ती बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी असते. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, किंवा संबंधानंतर रक्त आलं, तर ते एकदाच झालं असलं तरी सांगा.

आणि पहिल्याच भेटीत कुणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर थांबा. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तो अशाच घाईने काढलेल्या पिशव्यांमुळे. जास्त स्रावावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन असलेली तांबी असे उपाय आधी असतात. डॉक्टरांना विचारा: सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं, गोळ्यांनी का भागणार नाही, अंडाशय ठेवणार की काढणार? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवा.